गणपती गेल्यावर करमतं का?

प्रश्न: ताई, निवृत्तीनंतर आम्ही दोघं गुहागरला कायमचं राहायला यायचं म्हणतोय. पण गणपतीनंतर मुंबईकर परतले की गाव ओस पडतं. मग करमतं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ओस कुठलं! पाहुणे गेले की आमचं खरं सुरू होतं. हळवं (लवकर तयार होणारं) भात पिकलेलं, घरामागच्या परड्यात चिबूड, मांडवावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या. ह्यांना तवसोळी (काकडीचा गोड केक) रोज दिली तरी तक्रार नाही (मीच कंटाळते). कोजागिरीला, म्हणजे आमच्या नवान्न पौर्णिमेला, भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसोबत दाराला बांधतो. ऑक्टोबरचं ऊन मात्र भाजून काढतं, वीज जाते, आणि चिपळूण गाठायचं तर सुमारे ४५ किलोमीटर. गुडघे कुरकुरत असतील तर घर रस्त्यालगतच बघा. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्या फोटोत छान दिसतात.