गाठ जाळताना शेजारचं रक्त आडवं कसं येतं?

प्रश्न: माझ्या काकांच्या लिव्हरमधली गाठ सुई घालून जाळली, आरएफए म्हणतात ते. गाठ मोठ्या शिरेला चिकटून आहे म्हणून त्या बाजूची खात्री देता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आधी कॉम्प्युटरवर हिशोबही केला होता. सुई तर सगळीकडे सारखीच तापते ना? आणि यात गणित कसलं?

उत्तर: खरं तर सुई स्वतः तापतच नाही, तिच्या टोकातून करंट जातो आणि आजूबाजूचं मांस तापतं, पण त्याच मांसातून ३७ डिग्रीचं रक्त सतत वाहत असतं आणि ६० डिग्रीला पोचलेल्या जागेसाठी ते गारच की! दुधाच्या पातेल्यावर एका अंगाने नळ सोडून दूध तापवून बघा, त्या अंगाचं दूध कोमटच राहणार. शीर साधारण ३ मिलिमीटरहून जाड असली की हा त्रास जास्त, तिच्या कडेने पेशींची पातळ किनार जिवंत राहू शकते, आणि गाठ परत आली तर बरेचदा तिथूनच येते.

हिशोबाचा पाया १९४८चा आहे. हॅरी पेनेस या अमेरिकन संशोधकाने लोकांच्या हातातून, कोपराखाली, थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, बारीक तार आरपार ओढून आत कुठे किती तापमान आहे ते मोजलं आणि समीकरण मांडलं: मांसातून उष्णता किती पसरली, शरीराने स्वतः किती तयार केली आणि रक्ताने किती आणली किंवा नेली. आता त्यात सुईची उष्णता मिळवतात. मला यातला रक्ताचाच आकडा सगळ्यात अवघड वाटतो, कारण मांस शिजलं की तिथलं रक्त थांबतं म्हणजे आकडा मध्येच बदलतो, आणि पेनेसचं समीकरण रक्त सगळीकडे सारखं झिरपतंय असं धरतं, त्याला मोठी शीर दिसतच नाही, म्हणून ती सीटी स्कॅनवरून मॉडेलमध्ये वेगळी काढावी लागते.

एवढी काटेकोर आकडेमोड कशाला? ४३ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्री वाढली की पेशी मरायला लागणारा वेळ अर्धा होतो असं धरतात. ४३ला ६० मिनिटं, तर ४५ला १५, आणि ५०ला अर्ध्या मिनिटाहूनही कमी. म्हणजे शिरेने चार-पाच डिग्री जरी ओढून नेल्या तरी तेवढ्याच वेळात तिथलं काम अर्धवट राहू शकतं.

काकांना पुढच्या स्कॅनची तारीख दिली असेल, ती अजिबात चुकवू नका, आणि रिपोर्ट दाखवताना शिरेकडची बाजू पूर्ण जळलीय का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.