तेच फंक्शन सहा स्क्रिप्टमध्ये

नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे रोजचे भाव तुम्ही 'आर' या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत तपासताय. तारखेवरून बहार (फळांचा हंगाम) ठरवणारं स्वतःचं फंक्शन सहा स्क्रिप्टमध्ये चिकटवलंय आणि आता दोन स्क्रिप्टची सरासरी जुळत नाही. माझ्या अंदाजाने त्या सहा प्रती आता सारख्या राहिलेल्या नाहीत. एकीत अंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर धरला असेल, दुसरीत उशिरा येणाऱ्या मालासाठी जानेवारीही जोडला असेल. दोन्हीला कारण आहे, पण ते एकदाच ठरवून एकाच जागी लिहायला हवं.

सगळी फंक्शनं एका वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती फाइल 'सोर्स'ने वाचा. पत्ता सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण लिहू नका. आरस्टुडिओत (आर लिहायच्या-चालवायच्या प्रोग्राममध्ये) प्रोजेक्ट करा, म्हणजे पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरपासून धरला जातो आणि तेच फोल्डर मित्राच्या लॅपटॉपवरही चालतं. बहारांची नावं देवनागरीत असतील आणि विंडोजवर ४.२.० (२०२२) च्या आधीचं आर असेल, तर आधी आवृत्ती बदला. जुन्या आवृत्तीत अक्षरं बिघडतात.

त्या फाइलमध्ये फंक्शनांशिवाय काहीही नको. सोर्स ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवतं. तिच्यात डेटा वाचायची ओळ राहिली तर डेटा दर वेळी पुन्हा वाचला जाईल. आणि सवयीने वर लिहिलेली 'सगळं पुसा' ही ओळ राहिली तर स्क्रिप्टने तोवर तयार केलेलं सगळं जाईल.

आता जास्त महत्त्वाचं. फंक्शनला जे लागतं ते सगळं आर्ग्युमेंटमधून, म्हणजे बोलावताना कंसात, द्या. एखादं नाव फंक्शनच्या आत सापडलं नाही तर आर थांबत नाही. फंक्शन जिथे तयार झालं तिथे, म्हणजे तुमच्या बाबतीत ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये (सेशनमधली तुमची सगळी नावं जिथे साठतात तिथे), ते शोधतं. मी कापसाच्या भावांवर काम करत होतो तेव्हा माझं एक फंक्शन 'वर्ष' हे नाव बाहेरून उचलत होतं. आदल्या दिवशीच्या सेशनमधलं जुनं वर्ष तिथे पडून होतं. एकही एरर आला नाही आणि आठवडाभर मी चुकीच्या हंगामाचे तक्ते काढत राहिलो. तेव्हापासून कुठलाही आकडा कुणाला द्यायच्या आधी मी आर रीस्टार्ट करून (कंट्रोल, शिफ्ट, एफ१०) स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवतो. तुम्हीही हे कराच.

फंक्शनं आरप्रोफाइलमध्ये, म्हणजे आर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा असं कुणी सुचवेल. ऐकू नका. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालेल, पण ती स्क्रिप्ट मार्गदर्शकांकडे गेली की फंक्शन सापडणार नाही, आणि का ते स्क्रिप्ट वाचूनही कळणार नाही.

दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, समजा मोसंबीच्या भावांसाठी, हीच फंक्शनं लागली की मात्र त्यांचं पॅकेज (कुठल्याही प्रोजेक्टमध्ये वापरता येणारा संच) करा. पॅकेज म्हटलं की लोक घाबरतात, पण ते सीआरएएनवर (आरच्या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) पाठवावंच लागतं असं नाही. 'यूजदिस' या तयार पॅकेजने सांगाडा तयार होतो, फंक्शनं त्यातल्या 'आर' फोल्डरमध्ये ठेवायची, आणि 'डेव्हटूल्स' पॅकेजच्या 'लोड ऑल'ने इन्स्टॉल न करता तपासत राहायचं. नावांना एकच उपसर्ग द्या. स्वतःच्या फंक्शनला नुसतं 'फिल्टर' म्हणालात तर ते डीप्लायर या पॅकेजच्या त्याच नावाच्या फंक्शनला झाकेल.

तुमच्या फंक्शनमध्ये आणखी एक जागा तपासा. तारखा ०५-११-२०२३ अशा लिहिलेल्या असतील आणि मजकुराची तारीख करणाऱ्या 'अ‍ॅज डेट'ला फॉरमॅट दिला नसेल, तर आर पहिला आकडा वर्ष समजतं: वर्ष ५, महिना ११, दिवस २०. महिना मधोमध असल्याने बरोबरच येतो, बहारही बरोबर लागतो, म्हणून चूक नजरेत येत नाही. पण वर्षवार सरासरी काढायला गेलात की सगळं कोसळतं. फॉरमॅट स्पष्ट द्या, आणि वर्ष २००० च्या आधीचं आलं तर फंक्शन 'स्टॉप'ने तिथेच थांबेल अशी एक ओळ घाला. फंक्शन आता एकाच फाइलमध्ये असल्याने ही ओळ एकदाच लिहावी लागेल.