पाळी बदलते, रक्तदाब उतरत नाही

प्रश्न : वय ४४. कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. मीठ कमी केलं, रोज अर्धा तास चालतो, तरी रक्तदाब १४५/९२ च्या खाली येत नाही. ‘तू मनावरच घेत नाहीस’ असं घरचे म्हणतात. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी आकडा खरा आहे का ते पाहू. कामावरून आल्या आल्या मोजलात तर तो चढाच दिसणार. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाचच फुगतो, आणि ही चूक सर्रास होते. उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस मोजा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर रक्तदाब वाढलेलाच समजायचा.

वहीत आकड्याशेजारी पाळी आणि झोपेचे तासही लिहा. गाढ झोपेत रक्तदाब एरवी १० ते २० टक्के उतरतो; दिवसा तुटक झोप मिळाली की हा उतार नीट मिळत नाही. ही वही डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाळी बदलल्यावर ती कधी घ्यायची तेही विचारा. मनाने वेळ बदलू नका. रात्रपाळीत कॉफी घ्यायचीच तर पहिल्या निम्म्या वेळात घ्या. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात.

राहिलं मनावर घेणं. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळ्यांची नोकरी पक्की, तरी सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांचा मृत्यूदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. कामाच्या वेळा आणि वेग आपल्या हातात नसणं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तेव्हा घरच्यांचा ठपका अर्धवट आहे. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवावा, अशी मागणी करा. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे हा क्रम त्याला सोसतो. मागणी एकट्याने नको, सहकाऱ्यांसह लेखी द्या.

प्रश्न : रोज १०,००० पावलं होतच नाहीत. रस्त्यावर दिवे नाहीत, संध्याकाळनंतर बाहेर पडायची भीती वाटते.

उत्तर : हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रुळला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडेही त्यात धरतात. जिना आणि घरातली चाल चालेल. दिव्यांचा अर्ज मात्र शेजाऱ्यांच्या सह्यांसकट द्याच. तोही आरोग्याचाच अर्ज आहे.