कडेच्या ताऱ्यांना शेपटी का फुटते?

प्रश्न : माझी न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण २०० मिमी व्यासाची, १००० मिमी नाभीय अंतराची आहे. कॅननच्या एपीएस-सी डीएसएलआरने फोटो काढले की मधले तारे टिपक्यासारखे येतात, पण कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूला शेपटी दिसते. मित्राच्या रिफ्रॅक्टरचा (भिंगाच्या दुर्बिणीचा) फील्ड फ्लॅटनर लावला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. हा दोष कोमाचा, म्हणजे कडेचे तारे शेपटीसारखे पसरण्याचा आहे आणि आरसा कितीही उत्तम घासलेला असला तरी तो राहतोच. पॅराबोलिक आरसा अक्षाला समांतर आलेले किरण एका बिंदूत आणतो, तिरपे आलेले आणत नाही. तुमच्या एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीत सेन्सरच्या कोपऱ्यात, म्हणजे मध्यापासून साधारण १३.४ मिमीवर, ही शेपटी ०.१ मिमीपर्यंत जाते. पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर २५ पिक्सेल! एफ/४ ला ती याच्या दीडपट असते.

फ्लॅटनर प्रतिमेची वक्रता काढतो, कोमा नाही. शंका असेल तर कडेच्या ताऱ्यावर पुन्हा फोकस करून बघा. तारा टिपका झाला तर वक्रता, शेपटी तशीच राहिली तर कोमा.

कोमा करेक्टर (कोमा काढणारी भिंगांची नळी) घ्या, पण लावण्याआधी कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, नीट करा. आरसे जुळलेले नसतील तर कोमा नसलेला बिंदू फोटोच्या मध्यावरून सरकतो आणि करेक्टर चुकीच्या जागी काम करतो.

खरी मेख करेक्टर आणि सेन्सरमधल्या अंतरात आहे. बऱ्याच करेक्टरना त्यांच्या टी-थ्रेडच्या (कॅमेऱ्याकडच्या आट्यांच्या) खांद्यापासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी लागतात. तुमच्या मॉडेलचा आकडा माहितीपत्रकात बघा. कॅनन डीएसएलआरचे ४४ मिमी आणि टी-रिंगचे (कॅमेरा करेक्टरला जोडणाऱ्या रिंगचे) ११ मिमी मिळून ५५ होतात, त्यामुळे मध्ये वेगळी रिंग घालू नका. करेक्टर आणि सेन्सरमध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर आला तर मात्र सुमारे ०.७ मिमी वाढवावे लागतात, कारण काच फोकस जाडीच्या एक तृतीयांश मागे ढकलते. मग शर्मिष्ठेसारख्या दाट ताऱ्यांच्या भागाचे १०-१५ सेकंदांचे फोटो घ्या, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रिंगा बदलत चारही कोपरे ताडून बघा.

एकच कोपरा बिघडत असेल तर अंतराला हात लावू नका, तो जोडणीतला तिरपेपणा आहे. करेक्टरसकट कॅमेरा फोकसरमध्ये १८० अंश फिरवा. फोटोतला तोच कोपरा खराब राहिला तर दोष कॅमेरा, टी-रिंग किंवा करेक्टरच्या जोडणीत. समोरचा कोपरा बिघडला तर फोकसरमध्ये किंवा कोलिमेशनमध्ये. एकाच स्क्रूने आवळलेली नळी हमखास कलते. सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

प्रश्न : हे सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही का?

उत्तर : तारे बरेचसे गोल करता येतात, पण कडेच्या मंद ताऱ्यांचा पसरलेला प्रकाश नॉइजमध्ये बुडतो, तो परत मिळत नाही. फ्लॅट फ्रेमचा (एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाच्या फोटोचा) इथे उपयोग नाही, ती फक्त उजेडातला फरक काढते. करेक्टर येईपर्यंत फोटो कापून वापरा. कोमा मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लांबी-रुंदी निम्मी ठेवली की कोपऱ्यातली शेपटीही निम्मी होते.