परत तिथंच? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, आमचं समुद्रकिनाऱ्याचं एक ठिकाण ठरलेलं आहे, मुलं लहान असल्यापासून सुट्टी लागली की तिथंच. मला अजूनही तेवढंच आवडतं, पण आता मुलं मोठी झालीत, म्हणतात "परत तेच? काय नवीन आहे तिथं?" बायकोही हळूहळू त्यांच्या पार्टीत चाललीये. ठिकाण बदलू का?

उत्तर: ठिकाण राहू द्या, आधी दिवस बदलून बघा. पोचल्यावर तुम्ही काय करता ते मी न विचारताच सांगते, सकाळी ठरलेल्या वेळेला चक्कर, बसायची जागा ठरलेली, संध्याकाळी तोच सनसेट, आणि हे सगळं ठरवणारे तुम्हीच. पोरं तुमच्या टाइमटेबलला कंटाळलीत हो, समुद्र बिचारा काय करणार (राग मानू नका).

समुद्र तर रोजच वेगळा असतो. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणजे आज सकाळी आठला भरती असेल तर आठवड्याभराने त्याच आठला जवळपास ओहोटी. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी वरपर्यंत चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी फार हलतच नाही. तुम्ही नेहमी एकाच वेळेला जात असाल तर अर्धा किनारा तुम्ही अजून बघितलेलाच नाही. यावेळी जायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि उधाणाच्या ओहोटीला पोरांना खडकांकडे घेऊन जा, डबक्यांत खेकडे, शंख, शेवाळ, काय काय सापडतं, एरवी ते सगळं पाण्याखाली असतं. फक्त पाणी फिरायच्या आत परत या, यात हयगय नको.

आणि एक पूर्ण दिवस पोरांच्या हातात द्या. कुठं जायचं, कधी उठायचं, सगळं ती ठरवतील, आणि तुम्ही "अरे पण आपण नेहमी तर..." हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. अवघड जाईल, पण काढायचं नाही.

"परत तेच, म्हणजे बोअर" हा अंदाज बऱ्याचदा चुकतो बरं का. शिकागो विद्यापीठातले एड ओब्रायन यांचं २०१९ चं संशोधन आहे, त्यात लोकांनी संग्रहालयातलं प्रदर्शन, सिनेमा, गेम अशा गोष्टी दुसऱ्यांदा अनुभवल्या आणि आधी इतरांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना जास्त मजा आली, कारण पहिल्या वेळी निसटलेलं दुसऱ्या वेळी दिसतं. एवढं करूनही पोरं नाहीच म्हणाली तर एक वर्ष त्यांचं ठिकाण, एक वर्ष तुमचं. भांडण मिटलं.

प्रश्न: लग्नानंतर ज्या हिल स्टेशनला गेलो होतो तिथं इतक्या वर्षांनी दोघं परत गेलो. गर्दी, हॉर्न, जिकडेतिकडे बिल्डिंगा. इतका हिरमोड झाला की वाटलं उगाच आलो, आठवण तरी चांगली राहिली असती.

उत्तर: गर्दी वाढली हे खरंच, त्यात तुमचं काही चुकत नाही. पण आठवणीवरही फार विसंबू नका, ती काटछाट करून ठेवते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला आणि एकदा तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा कुठलं करणार विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं! त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा, म्हणून. तर तुमच्या त्या पहिल्या ट्रिपमधलेही थकवा, रुसवेफुगवे, बसची वाट बघणं, हे सगळं कधीच गळून गेलं असणार आणि उरलं असेल ते दोन-तीन सुंदर क्षण. त्यांच्याशी कुठली गर्दीची दुपार बरोबरी करणार?

पुन्हा जाल तेव्हा जुने फोटो परत काढायच्या नादाला लागू नका. ऑफ सीझनला जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, पॉइंट सोडा आणि भल्या पहाटे नुसतं चालत सुटा, पहाटे हॉर्न नसतो. शेवटचा दिवस मोकळा ठेवा. बॅगा कोंबत आणि एकमेकांवर वैतागत निघालात तर तेच लक्षात राहील.

प्रश्न: दरवेळी तेच हॉटेल, तीच खोली मागतो, मित्र हसतात. यात काही वेडेपणा आहे का?

उत्तर: अजिबात नाही. चित्रकार क्लोद मोने १८९२ आणि परत १८९३ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथं कॅथेड्रलसमोरच्या खोल्यांत बसला आणि त्या एकाच दर्शनी भिंतीची तिसाच्या वर चित्रं केली, सकाळचं ऊन, धुकं, संध्याकाळ, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. खोली तीच घ्या हो, फक्त पडदे उघडे ठेवा आणि मित्रांना मोनेचं नाव सांगा.