चालत येत होता तोवरच

“ताई, तो त्या दिवशीसुद्धा भिजवलेले हरभरे खात होता हो.”

माथेरानच्या एका घोडेवाल्या मामांनी तासाभरात हे वाक्य चारदा तरी म्हटलं असेल. बैल, गाय, कुत्रा, घोडा, जनावर कुठलंही असो, त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला लावलेली माणसं माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन. आपण घाई तर नाही ना केली?

मामा पहिल्यांदा आले ते आषाढात. वर धो धो पाऊस, पर्यटक तुरळक, घोडे नुसते उभे. त्यांचा घोडा बादल (नाव बदललं आहे) २२ वर्षांचा. पुढच्या उजव्या पायाचा सांधा धरला होता आणि पशुवैद्यांनी खोगीर चढवायचं नाही असं बजावलं होतं. मुलगा म्हणत होता, विकून टाकू, वरातीला नाचवायला घेणारा तयार आहे. भाऊ म्हणाला, रानात सोड, चरेल कुठंही. मामींचं म्हणणं एकच, “पोरांच्या शाळेच्या फिया याच्या पाठीवर निघाल्यात.” त्यात डॉक्टर बोलता बोलता ‘पुढे कधीतरी इंजेक्शन’ असं म्हणून गेले आणि मामांची झोप उडाली.

मी आधी त्यांची एक गाठ सोडवली. पाठीवर माणूस घेता येत नाही म्हणजे जगणं संपलं, असं होत नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. खोगीर उतरलं, एवढंच आज ठरलंय. मग कागद पुढे केला आणि महिन्याचा चारा, कोंडा, औषध यांचा हिशेब लिहायला सांगितला. मामा संकोचले. बादलचा हिशेब मांडायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. पण घरात पैशाची चिंता असते आणि ती कुणी बोलत नाही, तेव्हाच जनावर गुपचूप विकलं जातं. बाकीच्या दोन घोड्यांवर घर चालत होतं. बादलचा खर्च काही महिने झेपणारा निघाला.

विकण्याबद्दल माझं मत मी लपवलं नाही. लंगडा घोडा वरातीसाठी घेणारा माणूस त्याला दुखणं दाबायचं औषध देऊन बँडपुढे उभा करणार, आणि पडेल तेव्हा आपण तिथं नसणार. सोडून देण्याबद्दल तर कायदाच आहे. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पशुवैद्यांना विचारून आम्ही रोज बघायच्या तीन गोष्टी ठरवल्या. रात्री बसतो का आणि बसला तर आपला आपण उठतो का? घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. पाय दुखत असेल तर तो बसायलाच धजत नाही. चारा संपवतो का? हाक मारली की कान टवकारतो का? रोज संध्याकाळी मामींनी कॅलेंडरवर खूण करायची, चांगला दिवस की वाईट. आठवणीवर सोडलं तर माणूस चांगलेच दिवस मोजतो.

श्रावण-भाद्रपद चांगले गेले. दिवाळीनंतर वाईट दिवसांच्या फुल्या वाढल्या. दुखरा पाय वाचवता वाचवता दुसऱ्या पायावर भार येऊन तो खूरही गरम लागू लागला. औषध वाढवलं तर पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आणि इथं माथेरानची अडचण आली. वर मोटारीला बंदी. तीनशे किलोच्या आसपासचा घोडा घराशी कोसळला, तर त्याला उचलायला टेम्पो येणार नाही, खड्डा खणायला यंत्र येणार नाही. गाड्या जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत त्याला स्वतःच्या पायांनीच जावं लागणार. म्हणजे निर्णय घ्यायचा तो चालता येतंय तोवर. म्हणूनच त्या दिवशी तो हरभरे खात होता.

मामा म्हणाले, पाप लागेल. मी त्यांना साबरमतीच्या वासराची गोष्ट सांगितली. १९२८मध्ये आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, वाचण्यासारखं नव्हतं. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन द्यायला लावून सोडवलं. स्वतः तिथं हजर राहिले आणि त्यावरून देशभर शिव्याही खाल्ल्या. गोष्ट ऐकून मामांचं समाधान झालं असं नाही. “शिव्या त्यांनापण पडल्या का?” एवढंच त्यांनी विचारलं आणि जरा सैल होऊन बसले.

काय दिसेल ते डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या, असं मी त्यांना सांगितलं होतं. आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. घोडा धाडकन खाली जातो, तेव्हा डॉक्टर सांगतील तिथंच उभं राहायचं. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास येतो, कातडी थरथरते; तेव्हा तो जागा नसतो. हे माहीत नसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढून ते दृश्य पुढे वर्षभर हलत नाही. खाली नातेवाइकाच्या शेतात, विहिरीपासून लांब, खोल खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवला. ते औषध भिनलेलं मांस कुत्र्या-गिधाडांनी खाल्लं तर तीही मरू शकतात. मुलगा येणार नव्हता, पण दस्तुरीपर्यंत लगाम त्यानेच धरला.

तर, घाई केली का? मी मामांना कॅलेंडर आणायला लावलं. शेवटच्या तीन आठवड्यांत चांगले दिवस चार होते. त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजले.

“चारच,” ते म्हणाले. मग खूप वेळ रडले. मी मध्ये बोलले नाही.

अजूनही मामी संध्याकाळी मूठभर हरभरे जास्तच भिजवतात म्हणे. परवा मामांचा फोन आला होता, पण पटकन ठेवला. धाकट्या घोडीला नाल मारायला नालबंद येऊन बसला होता.