एमपीटी करू की क्लिनिक टाकू?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, वय 27, मिरजेत एका हॉस्पिटलमधे 26,000 पगार, साठलेले साडेतीन लाख. बाबा म्हणतायत 8 लाखांची एफडी मोडतो, एमपीटी (त्याच विषयातली मास्टर्स) कर नाहीतर स्वतःचं क्लिनिक टाक.

ताई, आधी बाबांची एफडी आहे तिथंच राहू द्या. तुम्हाला कमवायला अजून 30 वर्षं आहेत, त्यांना नाहीत.

आता एमपीटी. फी तुम्ही 7 लाख लिहिलीय पण दोन वर्षं पगार बंद राहणार ते कुठं धरलंय, 26 हजार गुणिले 24 म्हणजे सव्वासहा लाख, झाले की सव्वातेरा. आणि तुम्हीच सांगताय की एमपीटीवाल्या मैत्रिणीला महिन्याला 10 हजार जास्त मिळतात, त्या हिशोबानं पैसे वसूल व्हायला 11 वर्षं, तेही व्याज न धरता. कॉलेजात शिकवायचं असेल तर प्रश्नच नाही, एमपीटी लागतंच, करा. न्यूरोची, म्हणजे मेंदू-नसांच्या पेशंटची खरंच ओढ असेल तरी करा. पण सगळ्या करतायत म्हणून करायचं तर 13 लाख फार होतात हो.

क्लिनिकसाठी डीलरनं साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय, आयएफटी (दुखण्यावर करंट देणारं), अल्ट्रासाउंड (सोनोग्राफीचं नाही, उपचाराचं), ट्रॅक्शन (मान-कंबर ताणणारं) अशी मशीनं. मी काय फिजिओ नाही, पण आमच्या आईचा गुडघा बदलला तेव्हा ज्या मॅडम घरी यायच्या त्यांच्या बॅगेत एक गोनिओमीटर (सांधा किती वाकतो ते मोजायची पट्टी), दोन थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे) आणि एक वही, बस. पहिल्या दिवशी गुडघा 70 डिग्री वाकत होता, मॅडमनी वहीत लिहिलं, दीड महिन्यात 110 वर आणला, आई ओरडायची ते वेगळंच. 600 रुपये व्हिजिट, 18 व्हिजिट, आम्ही एका शब्दानं घासाघीस केली नाही. मशीन कुणी विचारलंच नाही.

म्हणून माझं मत, नोकरी चालू ठेवा आणि संध्याकाळी होम व्हिजिट धरा. आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा, बाहेर प्रॅक्टिस चालते का ते बघा, नाहीतर नोकरी पण जायची. फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना ते पण बघा आणि इन्डेम्निटी पॉलिसी काढा, म्हणजे पेशंटनं उद्या दावा लावला तर कामी येणारा विमा. 500 नं 40 व्हिजिट झाल्या तरी महिना 20 हजार, पेट्रोल वजा करा. आणि एक, गुडघ्याचा पेशंट दीडदोन महिन्यात सुटतो, पॅरालिसिसच्या माणसाला कितीतरी महिने लागतात, तेव्हा दोनतीन तसे पेशंट असले की उत्पन्नाला जरा स्थिरपणा येतो.

साडेतीन लाखातले दीड लाख अडीअडचणीला बाजूला टाका, उरलेल्यांना हात लावू नका. सलग सहा महिने 40 च्या वर व्हिजिट झाल्या तर मग गाळ्याचं भाडं विचारायला जा, डीलरला तोवर फोन करू नका, तो करेलच.